गुंजांचा सूर्य

१

चित्रातला सूर्य तेवढा गेला होता. बाकी सगळं जिथल्या तिथे होतं.

सोसायटीच्या ऑफिसात भिंतीला टेकवून ठेवलेल्या त्या चित्रासमोर जयमाला हाताची घडी घालून उभी होती. चित्र तिचंच. पावसाळा सरल्यापासून ती त्याच्यामागे होती, आणि सव्वीस जानेवारीच्या प्रदर्शनात ते मधोमध लागायचं होतं. पहिल्या मजल्यावरची नंदिनी मुक्ताला कडेवर घेऊन आत आली, तरी तिनं मान वळवली नाही.

"बघा ताई," एवढंच म्हणाली. "काल होता. सकाळी नाही."

नंदिनी बघत राहिली. हे चित्र पहिल्यांदा पाहिलं होतं तेव्हाही तिचं बोलणं असंच अर्ध्यावर थांबलं होतं. खोक्याच्या फळीवर गोणपाट ताणलेलं, आणि त्यावर त्यांचंच नेरूळ. खाडी, मिठागरं, मागे डोंगर. या नव्या वसाहतीत राहायला आल्यापासून नंदिनीला दिसायचे ते उघडे खड्डे, अर्धवट बांधलेल्या इमारती, वाळूतले खिळे, आणि दीड वर्षाची मुक्ता तोंडात घालू शकेल अशी एकूण एक वस्तू. या गावात एवढं काही आहे हे तिला त्या फळीनं दाखवलं होतं. गोळ्यांच्या रिकाम्या पाकिटांची चंदेरी पट्टी कापून जयमालानं मिठागरं केली होती, आणि ती खरोखरीच्या मिठागरांसारखी डोळ्यांवर यायची. तिचा नवरा सुभाष पावणे एमआयडीसीतल्या वर्कशॉपमधून भंगार आणायचा. त्यातल्या जळक्या मोटरीच्या तारेचे बगळे झाले होते, फाटक्या रबरी वायसरांची तिवरं झाली होती. सारसोळे गावातल्या बायजाबाई कोळणीनं दिलेल्या कुजक्या जाळ्याचं धुकं झालं होतं. आणि वर आभाळ होतं गोकर्णाच्या वाळलेल्या पाकळ्यांचं, माशाच्या खवल्यांसारखं एकावर एक चढवलेलं.

ती फुलं जयमालाच्या घरात बुद्धापुढं वाहिलेली. वाहताना हे फूल कोमेजेल तसंच शरीरही, असं मनात आणायचं असतं, हे तिनं एकदा सहज सांगितलं होतं. मग म्हणाली होती, मी आपली कोमेजल्यानंतर पुढे काय होतं ते बघत बसले.

डोंगरामागून वर येणारा सूर्य गुंजांचा होता. लालभडक, चकचकीत बिया. प्रत्येकीचा काळा ठिपका आत दडवून एकीला एक खेटून बसवलेल्या. आता तिथे गोणपाटावर नुसता एक गोल उरला होता, आणि त्या गोलावर मुंग्या फिरत होत्या. इतक्या दाट की गोल आपणच सावकाश फिरतोय असं वाटावं. नंदिनीच्या अंगावर काटा आला, आणि मग त्या काट्याचं कारण बदललं.

तिनं वनस्पतिशास्त्र घेऊन बी.एस्सी. केलं होतं. गुंज अख्खी गिळली तर बहुतेक वेळा तशीच पोटातून निघून जाते. पण कवच फुटलं, बी चावली गेली, तर एखादीसुद्धा लहान मुलाला पुरते. म्हणून तर जयमाला चित्रावर काच बसवणार होती. काच आज यायची होती.

आणि काल संध्याकाळी मुक्ता याच खोलीत दुडदुडत होती.

नंदिनीनं तिथल्या तिथे खाली बसून पोरीच्या तोंडात बोट घातलं. मुक्तानं भोकाड पसरलं. तोंडात काही नव्हतं. पण ओंजळभर विष या इमारतीत कुठंतरी होतं, आणि इमारतीत लहान पोर काय एकच नव्हतं.

२

घाबरली की नंदिनीचं डोकं फार नीट चालायचं. नवरा तिला याच्यावरून चिडवायचा. ती गोलाशी वाकली.

फेविकॉलच्या थरात प्रत्येक बीची खळी जशीच्या तशी होती. बोटाच्या टोकाएवढ्या वाट्या, रांगोळीच्या ठिपक्यांसारख्या. एकही खळी फाटलेली नव्हती. पोरानं उपटलं असतं तर गोणपाटाचे दोरे आले असते. इथे कुणीतरी ओल्या फडक्यानं गोंद भिजवून, तो दुधाळ होईपर्यंत थांबून, एकेक बी उचलली होती. गोंदाचा पांढरेपणा अजून पुरता गेला नव्हता.

म्हणजे मोठं माणूस. हाताला सवय असलेलं. नंदिनीला क्षणभर हायसं वाटलं, पण क्षणभरच. मोठ्या माणसाला गुंजा कशाला हव्यात, याचं उत्तर मिळेपर्यंत त्या कुणाच्या हाती लागतील सांगता येत नव्हतं.

ऑफिसची किल्ली पंपाच्या खोलीबाहेर खिळ्याला लटकायची. ती घ्यायला कुणाला चोर व्हावं लागत नव्हतं.

पहिलं नाव साहजिकच तळमजल्यावरच्या नंदकिशोरचं आलं. तो वाशीला सराफाच्या दुकानात कामाला होता, आणि सोनं पूर्वी गुंजांवर तोललं जायचं हे शाळेतल्या पोरालाही ठाऊक. नंदिनीनं त्याला जिन्याखाली स्कूटर पुसताना गाठलं. त्यानं आधी तिची गंमत केली, मग तिचा चेहरा बघून थांबला.

"वहिनी, कसलं टेन्शन घेताय," तो म्हणाला. "आता सगळं ग्रॅमवर आलंय. दुकानात गुंज नेली तर शेठ मला वेड्यात काढेल. आणि काल आमी सगळे कल्याणला लग्नाला. आत्ता येऊन टेकलोय."

बायकोचे मेंदीचे हात आणि दारातली बॅग त्याच्या बाजूनं साक्ष देत होती.

मग डोक्यावर पाटी घेऊन बायजाबाई आली. जयमालाला गुंजा तिनंच आणून दिल्या होत्या. दोन बायकांनी नंदिनीच्या कानात घातलं होतं की ती मागाहून कुरकुरत होती, आपल्या वस्तूंवर दुसरीचं नाव होणार म्हणून. नंदिनीनं आडून विचारलं, पण बायजाबाई आडून विचारलेलं ओळखणारी होती. तिनं पाटी उतरवली आणि कमरेवर हात ठेवला.

"अगो, मना काय करायच्यान त्या? माज्या बांदावर येल हाय. पायजेल तवऱ्या तोरून घेईन. ढोरानं चावल्या त ढोर मरतंय, ह्ये मी जयमालाला तवाच सांगलंय. पोरांपासून लांब ठेव बोललंय. मी कशाला चोरू?"

आणि कुरकुरीचं काय, असं विचारल्यावर ती हसली. कुरकूर जाळ्याची होती. बरं जाळं द्यायचं सोडून आपण कुजकं दिलं, चांगलं दिलं असतं तर धुकं आणखी दाट झालं असतं, ही चुटपूट.

३

उरल्या दुसऱ्या मजल्यावरच्या दुर्गाबाई.

खरं तर बायकांच्या बोलण्यात पहिलं नाव त्यांचंच होतं. गिरगावातून मुलाबरोबर इथे आलेल्या, सोवळंओवळं बऱ्यापैकी सांभाळून असलेल्या. चित्र ऑफिसात आलं त्या दिवशी त्यांनी दारातूनच पाहिलं होतं आणि सगळ्यांदेखत म्हटलं होतं, वाहिलेली फुलं पाण्यात सोडतात, भिंतीवर नाही टांगत. जयमाला ऐकून गप्प राहिली होती. नंदिनीही गप्प राहिली होती, आणि ते तिला अजून टोचत होतं.

दुर्गाबाईंनी दार अर्धंच उघडलं. आतून शेगडीची धग आणि गोडसर वास आला. आज त्यांच्या नातवाचं बोरन्हाण होतं. पहिली संक्रांत, पहिला नातू. त्यांचे डोळे जागरणानं लाल होते आणि उजव्या हाताची बोटंही.

सूर्य गेल्याचं ऐकून त्यांनी नुसता हुंकार भरला. नंदिनीनं त्यांना त्यांच्याच शब्दांची आठवण करून दिली.

"हो, म्हटलं मी. परत म्हणेन," त्या म्हणाल्या. "पण मला ते मोडायचंच असतं तर मी काय काढलं असतं गं? फुलं काढली असती, आणि खाडीत सोडून आले असते. तुझ्या चोरानं एका पाकळीला तरी हात लावलाय का?"

नव्हता लावला. नंदिनीला ते पटलं. पटल्याचा थोडा आनंदही झाला, कारण दुर्गाबाई तिला आवडायच्या. मुक्ताच्या वेळी रोज डिंकाचा लाडू पाठवायच्या.

"संध्याकाळी लवकर ये," दार लोटता लोटता त्या म्हणाल्या. "मुक्तालाही आण. पोरं हवीत लुटायला. असं सजवणार आहे त्याला, की वसाहतीत कुणी पाहिलं नसेल."

नंदिनी खाली आली. संशय घ्यावा असं कुणी उरलंच नव्हतं. दुपारभर ती मुक्तामागे फिरली, गाद्या झटकल्या, कपाटाखाली झाडू घातला. उन्हं कलायला लागली तेव्हा दार उघडं राहिल्याचं तिच्या लक्षात आलं. मुक्ता बाहेर होती, वरच्या जिन्याच्या वळणावर, उकिडवी बसून कोपऱ्यातलं काहीतरी निरखत. चिमटीत धरलेलं ते काहीतरी लाल होतं, आणि चिमटी तोंडाकडे निघाली होती.

४

नंदिनी त्या पायऱ्या कशी चढली ते तिला पुढे कधीच आठवलं नाही. गुंज तिच्या हातात होती, मुक्ता रडत होती, आणि ती स्वतः पायरीवर बसून श्वास घेत होती, एवढं कळलं.

मग तिनं बी उजेडात धरली. बीला भोक होतं. बारीक, आरपार, कडेला जळकं.

तापवलेली सुई. कुणीतरी गुंजा ओवत होतं. आणि भोक पाडलेली गुंज अख्ख्या गुंजेसारखी निर्धोक नसते. जे कवच विषाला आत कोंडून ठेवतं तेच फोडलेलं. ती चावायचीही गरज नाही, नुसती चोखली तरी धोका. हे ओवणाऱ्याला ठाऊक नव्हतं. ठाऊक असतं तर ओवलीच नसती.

नंदिनी जागची हलली नाही. जिना झाडूवाली सखू रोज सकाळी वरून खाली झाडते, आणि आजही झाडून गेली होती. म्हणजे बी त्यानंतर पडली. आपल्या दाराच्या वरच्या वळणावर पडली, म्हणजे वर राहणाऱ्या कुणाकडून. वर एक घर बंद असतं. दुसरं दुर्गाबाईंचं.

पण दुर्गाबाईंनी फुलं काढली असती, सूर्य नाही. ते खरंच होतं. फक्त त्यातून एवढंच ठरत होतं की त्यांना चित्र मोडायचं नव्हतं. गुंजा हव्या असलेल्या माणसानं पाकळ्यांना हात कशाला लावावा?

मुंग्या. सकाळपासून त्या मुंग्या तिच्या डोक्यात फिरत होत्या. फुलांना आल्या असं सगळ्या बायका म्हणाल्या होत्या. पण फुलांवर एक मुंगी नव्हती. जाळ्यावर नव्हती. फक्त जिथे चोराची बोटं पुन्हापुन्हा टेकली तिथेच, त्या गोलात. म्हणजे बोटांना साखर होती. साखरेच्या पाकानं माखलेली, गरम परातीत तिळाचे दाणे फिरवून फिरवून लाल झालेली बोटं. हलवा करणारी.

संक्रांत. बोरन्हाण. हलव्याचे दागिने. मुकुट, बासरी, बाजूबंद घालून बाळाला कृष्ण करतात, आणि कृष्णाच्या गळ्यात गुंजांची माळ असते. आजीला नातू खराखुरा कृष्ण करायचा होता.

आणि हलव्याचे दागिने काही नुसते मिरवत नाहीत. बाळ ते चोखत बसतं. मुलं ते तोडून खातात. तेच तर त्यातलं कौतुक.

वरून बायकांच्या बोलण्याचा गलका आला, आणि कुणीतरी गाणं धरलं.

५

दार सताड उघडं होतं. नंदिनी मुक्ताला कडेवर घट्ट धरून आत शिरली आणि, एवढ्या घाईतही, तिचे पाय थांबले.

पाटावर, काळ्या झबल्यात, तो बसला होता. डोक्यावर पांढऱ्या काटेरी हलव्याचा मुकुट, हातात हलव्याची बासरी, दंडात वाक्या. त्या पांढऱ्यावर जागोजाग लाल थेंब पेटलेले. मुकुटाच्या टोकाला एकेक, वाकीत एकेक. आणि गळ्यात माळ, दोन दाणे हलव्याचे, एक गुंज, पुन्हा दोन दाणे, पुन्हा गुंज. एका म्हाताऱ्या बाईनं दोन बोटांनी, शेगडीच्या धगीपाशी बसून हे केलं होतं. नंदिनीनं आयुष्यात याहून देखणं काही पाहिलं नव्हतं. असं काही करता येतं, आणि तेही संध्याकाळभर टिकण्यासाठी, याचं नवल तिच्या छातीत मावेना.

बाळानं गळ्यातली माळ मुठीत धरली आणि तोंडाकडे नेली.

नंदिनी बोरांच्या ढिगावरून गेली. मूठ तोंडाशी पोचायच्या आत तिनं ती सोडवली, माळ डोक्यावरून काढली, मुकुट उचलला, वाक्या ओढल्या. बाळ किंचाळलं. गाणं बंद पडलं. कुणीतरी तिच्या दंडाला धरलं, भरल्या ओटीच्या घरात असं करतात का म्हणून. दुर्गाबाई जागच्या जागी पांढऱ्या पडल्या होत्या.

"काकू," नंदिनी शक्य तितक्या हळू म्हणाली, "गुंज विषारी असते. यानं किती वेळा तोंडात घातलीय?"

आत्ताच तर चढवलीय, एकदाही नाही, दुर्गाबाई म्हणाल्या. सून रडायला लागली. दुपारी दागिने घालून बघितले तेव्हा एकदा माळ तुटली होती म्हणाली, दाणे घरभर गेले होते, आईंनी गोळा करून पुन्हा ओवले. सगळे सापडले का, ते कुणी मोजलं नव्हतं.

नंदकिशोरनं स्कूटर काढून दिली. मुलगा-सून बाळाला घेऊन वाशीच्या डॉक्टरांकडे निघाले. डॉक्टर पहिला प्रश्न हाच विचारणार होते: पोटात गेली आहे की नाही. आणि ते सांगू शकेल असं या घरात कुणीच नव्हतं.

"सांगता येईल," नंदिनी म्हणाली. "सगळ्या गुंजा घ्या. फुटक्या, टाकलेल्या, सगळ्या. आणि माझ्याबरोबर चला."

६

जयमालानं चित्र दुपारीच तळमजल्यावरच्या आपल्या घरी नेलं होतं. तिच्या बैठकीच्या खोलीत, बुद्धाच्या मूर्तीसमोर, ते जमिनीवर आडवं होतं. दुर्गाबाई सगळ्यात आधी आत शिरल्या, चपला पायात तशाच, आणि चित्राशी गुडघे टेकून बसल्या.

नंदिनीनं दोन वाक्यांत सांगितलं. जयमालानं कुणी चोरलं ते विचारलं नाही. तिनं फुंकर घालून मुंग्या उडवल्या, दिवा लावला आणि हात पुढे केला.

प्रत्येक बीची खळी होती. कडेच्या लहान, मधल्या मोठ्या, एखादी तिरकी. जयमालाला त्या पाठ होत्या. दुर्गाबाई माळेतून गुंज सोडवून तिच्या तळव्यावर ठेवायच्या, जयमाला ती फिरवून बघायची आणि बरोबर जागी बसवायची. कडेनं लाल रेघ आली, मग दुसरी. डोंगरामागून सूर्य पुन्हा वर यायला लागला, एकेक बीनं, आणि प्रत्येक बीबरोबर नंदिनीला वाटत होतं की कुठंतरी त्या पोराचा एकेक श्वास मोजून परत दिला जातोय.

माळ संपली. मुकुट संपला, वाक्या संपल्या. मधोमध काही खळ्या रिकाम्याच राहिल्या.

"सुईनं फुटल्या होत्या काही," दुर्गाबाई म्हणाल्या. आवाज त्यांचा वाटत नव्हता. "केरात टाकल्या."

त्या उठल्या, वर गेल्या, आणि केराची बादलीच घेऊन आल्या. भाजीची देठं, उसाची चोयटी, राख त्यांनी जयमालाच्या फरशीवर पसरली आणि दोन्ही हातांनी चिवडायला लागल्या. सकाळी पाकात बुडालेली ती बोटं. अर्धुकं मिळालं की त्या पुढे करायच्या. जयमाला दोन अर्धुकी जुळवायची, खळीत दाबायची. एकेक खळी भरत गेली. शेवटी एकच राहिली.

दुर्गाबाईंनी केर पुन्हा चाळला. मग तिसऱ्यांदा.

नंदिनीला स्वतःच्या भीतीत इतका वेळ सुचलंच नव्हतं. तिनं पदराची गाठ सोडली. जिन्यातली बी, जळक्या भोकाची. जयमालानं ती घेतली, एकदा फिरवली, आणि ठेवली. बसली.

गोल पुरा झाला. भेगाळलेला, ठिकठिकाणी जळका, पण पुरा. बाळाच्या पोटात काही नव्हतं. नंदिनीनं सुभाषला नाक्यावरच्या मेडिकलमधून डॉक्टरांना फोन करायला पिटाळलं, आणि मग तिघी दिव्याच्या उजेडात त्या लालीकडे नुसत्या बघत राहिल्या. मुक्ताही बघत होती, हात न लावता.

दुर्गाबाईंना मग दिसलं की आपण कुठे बसलोय. केर, राख, आपल्या चपला, पुढ्यात मूर्ती. उठायला म्हणून त्यांनी हात टेकला, पण उठल्या नाहीत.

"मागायला यायचं मनात होतं," त्या म्हणाल्या. "दोनदा जिना उतरले. तुझ्या दाराशी येऊन उभं राहायचं... ते झालं नाही. किल्ली घेणं सोपं वाटलं."

जयमाला बोटांवरचा गोंद चोळून काढत होती.

"मागितल्या असत्या तर मी दिल्या नसत्या, आजी," ती म्हणाली. "विषारी आहेत म्हणून सांगितलं असतं. दुसरं काहीतरी लाल शोधून दिलं असतं."

जयमालानं खाली सांडलेली देठं गोळा केली आणि त्यांच्यापुढे पाण्याचा तांब्या ठेवला. बराच वेळ तो तसाच राहिला. मग त्यांनी उचलला आणि प्याल्या, तहानलेलं माणूस पितं तशा, मध्ये न थांबता.

बाहेर स्कूटर थांबली. जिन्याकडे जाणारी पावलं, सुनेचा आवाज, आणि त्याच्यावर चढलेला बाळाचा, भुकेला, खणखणीत. ती माणसं वर निघाली होती. दुर्गाबाई उठल्या नाहीत. त्यांनी बसल्या जागेवरून, साऱ्या जिन्याला ऐकू जाईल अशी हाक मारली.

"अगं, वर नको नेऊ त्याला. इकडे आण. मी इथं बसलेय, जयमालाकडे."